दवंडी दिली, दवंडी कळली

नदीच्या वळणावरच्या एका कसब्यात हैबती नावाचा एक दवंडीवाला राहत होता. राजाचा हुकूम आला की गळ्यात ढोल अडकवायचा, बाजारचौकात उभं राहायचं आणि कागदावरचे शब्द जसेच्या तसे तीनदा म्हणायचे, हे काम तो तीस वर्षं करत होता. आवाज अजून खणखणीत होता. पाय मात्र थकले होते. संध्याकाळी ते सुजत, आणि सकाळी उठताना त्याला वाटे, आज कचेरीतून बोलावणं न आलं तर बरं.

थकवा नुसता पायांत नव्हता. मागच्या उन्हाळ्यात ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी बिघडलं होतं. ते कुणी पिऊ नये, अशी दवंडी हैबतीनंच दिली होती. चौकात दिली, नियमाप्रमाणे तीनदा दिली. पण त्या विहिरीचं पाणी भरणारे तेलंगी विणकर तेव्हा आपल्या मागांवर बसले होते, आणि चौकात असते तरी त्यांना मराठी समजत नव्हतं. पंधरा दिवसांत त्यांची सात मुलं दगावली. विणकर कचेरीत दाद मागायला गेले, तेव्हा दप्तरदार विसाजीपंतांनी वही उघडून दाखवली.

"हे पाहा. दवंडी दिली, असं लिहिलंय. दिवस आहे, वेळ आहे. आता कचेरीनं आणखी काय करायचं?"

वहीत लिहिलेलं खरंच होतं. हैबती दाराशी उभा होता. तेव्हापासून ढोल त्याला जड वाटू लागला.

या वर्षी श्रावणात सलग नऊ दिवस पाऊस लागला. कसब्याच्या वरच्या अंगाला मोठा तलाव होता, त्याचा बांध पाझरू लागला. बांध फुटला तर अख्खा कसबा वाहून जाईल, म्हणून सूर्यास्ताला तलावाचे दरवाजे उघडून पाणी सोडायचं ठरलं. ते पाणी ओढ्यातून जाणार होतं. ओढ्याकाठी खालची वस्ती होती. तिथं विणकर राहत, त्यांच्या पलीकडे कानडी पाथरवट, आणि अगदी कडेला धाकलू नावाचा बहिरा कुंभार.

सकाळी विसाजीपंतांनी हैबतीच्या हातात कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, 'तलावाची द्वारे सूर्यास्तसमयी मुक्त होतील, सबब निम्नस्थ वसाहतीने उच्चस्थानी प्रस्थान ठेवावे.' हैबतीनं चौकात ढोल वाजवून ते तीनदा म्हटलं. चौकातल्या मराठी माणसांनासुद्धा त्यातलं निम्मंच कळलं. खालच्या वस्तीतलं तर कुणी तिथं नव्हतंच.

तो कचेरीत परतला आणि म्हणाला, "पंत, खालच्या वस्तीत जाऊन सांगू का?"

"चौकात दवंडी झाली की सगळ्यांना कळली, असं धरतात," विसाजीपंत लिहिता लिहिता म्हणाले. "तसा नियम आहे. प्रत्येक वस्तीचे लाड करत बसलो तर राज्य चालायचं नाही. जा घरी, पाय शेक."

हैबती निघाला. घराकडे जाणारी वाट उजवीकडे होती, ओढ्याची डावीकडे. त्याचं काम झालं होतं, वहीत तशी नोंदही पडली होती. अंग म्हणत होतं, घरी चल. तो फाट्यावर बराच वेळ नुसता उभा राहिला. मग कंटाळलेल्या बैलासारखी मान खाली घालून डावीकडे वळला.

विणकरांच्या आळीत त्यानं ढोल वाजवला आणि हुकूम म्हटला. माणसं दारात आली. त्यांनी ऐकलं, एकमेकांकडे पाहिलं आणि पुन्हा मागावर जाऊन बसली. हैबती आणखी मोठ्यानं ओरडला. एक लहान पोर घाबरून रडायला लागलं, एवढंच झालं. त्याचा घसा बसला. त्यानं गळ्यातला ढोल काढून चिखलात ठेवला आणि एका ओट्यावर बसकण मारली.

त्या घरातून नरसव्वा बाहेर आली. ती बाजारात लुगडी विकायची, म्हणून तिला मोडकंतोडकं मराठी येत होतं. मागच्या वर्षी गेलेल्या सात मुलांत तिची धाकटी लेक होती.

"काय म्हणतोस, मामा?" तिनं रुक्षपणे विचारलं.

हैबतीनं कागद खिशात घातला. तलावाकडे बोट केलं. मग हात ओढ्यापर्यंत खाली आणला आणि तिच्या डोक्याच्याही वर नेला. "पाणी येणार, बाई. एवढं. दिवस मावळला की. सगळ्यांनी वर पिराच्या माळावर जायचं. पोरं आधी न्या."

नरसव्वाचा चेहरा बदलला. पण हलण्याआधी तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"मागच्या साली का नाही असा बसलास इथं?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. "नीळ्ळु! नीळ्ळु!" म्हणजे पाणी, पाणी, असं आपल्या बोलीत ओरडत ती आळीतून धावली. दारादारांतून बायका मुलांना कडेवर घेऊन निघाल्या. पुरुष माग सोडवू लागले, पण माग जमिनीत पक्के रोवलेले होते. बहुतेकांनी ते तिथंच सोडले.

नरसव्वाच्या शेजारणीला कानडी येत होतं. ती पाथरवटांकडे गेली. धाकलू कुंभार उरला. हैबती त्याच्याकडे गेला, त्याचा हात धरला आणि त्याला ओढ्याच्या कडेला आणलं. तिथं चिखलात काठीनं आधी ओढा काढला, मग धाकलूचं घर, आणि मग सगळ्यावरून हात फिरवून ते पुसून टाकलं. धाकलू समजला. तो आत जाऊन आपल्या आंधळ्या आईला पाठुंगळी घेऊन आला.

सूर्यास्ताला दरवाजे उघडले. अर्ध्या घटकेत खालची वस्ती पाण्याखाली गेली. माग गेले, भट्टी गेली, घरं गेली. माणूस एकही गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी राजा पाहणीला आला. विसाजीपंतांनी तक्रार केली, "महाराज, या हैबतीनं नियम मोडून चौकाबाहेर दवंडी दिली. वर हुकुमातले शब्दही बदलले."

राजानं हैबतीकडे पाहिलं. "खरं?"

"खरं आहे, महाराज. कागदावरचे शब्द त्यांना कळत नव्हते."

राजानं माळावर ओल्या कपड्यांत बसलेली माणसं पाहिली. मग म्हणाला, "तुला काय हवं ते माग."

हैबती उभा राहून दमला होता. तो म्हणाला, "वहीतला एक शब्द बदला. 'दवंडी दिली' लिहितात, तिथं 'दवंडी कळली' लिहा. वस्तीवस्तीत जाऊन सांगावं, आणि तिथल्या एकानं हुकूम आपल्या बोलीत परत सांगून दाखवावा. सांगता आला, तरच नोंद करावी. ही सगळी तुमचीच माणसं आहेत, महाराज. कर देताना ती मोजली जातात."

राजानं तसा हुकूम काढला. विसाजीपंतांनी तो नाइलाजानं लिहून घेतला. खालच्या वस्तीची दवंडी नरसव्वाकडे सोपवायची, असंही ठरलं.

हे सांगायला हैबती स्वतः माळावर गेला. तिनं सगळं ऐकून घेतलं. ती हसली नाही.

"एक वर्ष उशीर झाला, मामा."

"झाला," हैबती म्हणाला, आणि तिच्या शेजारी खाली बसला.

तात्पर्य: हुकूम एकदा उच्चारला म्हणजे राज्याचं कर्तव्य संपत नाही. राज्यातल्या शेवटच्या माणसाला तो त्याच्या बोलीत कळेल, तेव्हाच ते पुरं होतं. आणि ज्याला हे ठाऊक आहे, त्यानं नियमाआड लपू नये.