तिर्सा आणि न भरणारी जखम

ऐका हं. एक होती तिर्सा. खूप जुन्या काळी इस्राएल देशात राहायची. तिथं एका बापाच्या बारा मुलांची बारा कुळं होती. तिर्सा जन्मली आशेरच्या कुळात. लग्न होऊन गेली डोंगरापलीकडं, नफतालीच्या कुळात.

एका वर्षी गवत कमी उगवलं. कुरणावरून दोन्ही कुळांचं भांडण जुंपलं. आधी शिव्या, मग काठ्या, मग भाले. भावाभावांची लढाई ती! तिर्साचा नवरा येसेर खांद्यात भाला लागून घरी आला. भाला कुणाचा? तिर्साच्या धाकट्या भावाचा, यिम्नाचा.

तिर्सानं जखमेवर मध लावला. जखम भरेना. अंजिराचा लेप लावला. भरेना. मग माहेरचं जैतुणाचं तेल लावलं. तरी भरेना. येसेर तापानं फणफणला.

घराच्या आढ्याला एक पाकोळी राहायची. तेव्हा पाखरं बोलायची, बरं का. ती म्हणाली, "बाई, आपल्याच माणसानं केलेली जखम औषधाला दाद देत नाही. ज्यानं केली त्याचा हात लागायला हवा."

मग तिर्सा डोंगर ओलांडून निघाली. आशेरच्या पहारेकऱ्यांनी अडवलं, "कुणाकडची गं तू?"

"लेक तुमची, सून त्यांची. आता तुम्हीच सांगा."

त्यांनी वाट दिली.

यिम्ना अंथरुणावर पडून होता. त्याच्या मांडीत येसेरचा बाण घुसला होता. तीही जखम भरत नव्हती. तिर्सानं त्याला पाकोळीचं बोलणं सांगितलं, घरी चल म्हणाली.

"ताई, दाजींनी माझा पाय घालवला. मी नाही यायचा."

तिर्सा त्याच्या उशाशी बसली. "नको येऊस. पण बापाला कुणी मारलं असं तुझ्या भाच्यांनी विचारलं, तर काय सांगू?"

यिम्नानं अंगावरचं पांघरूण सारलं. मग काठी धरून उठला.

नफतालीच्या लोकांनी त्याला पाहून भाले उचलले. तिर्सा त्याच्या पुढं चालत राहिली. घरी आल्यावर यिम्नानं येसेरच्या खांद्यावर हात ठेवला. "दाजी, फार दुखतंय का?" येसेरनं डोळे उघडले. त्यानंही हात लांबवून यिम्नाच्या मांडीवर ठेवला. आणि दुधावर साय धरावी तशी दोन्ही जखमांवर कातडी धरली.

दाराशी लोक जमले होते. ते पाहून प्रत्येक जखमी आपल्याला जखम करणाऱ्याला शोधायला निघाला. तिथं भाला घेऊन कसं जाणार? मग लढाई थांबली. जे मेले ते काही परत आले नाहीत. त्यांच्यासाठी दोन्हीकडच्या बायका एकत्र बसून रडल्या. मग कुरण सगळ्यांचं झालं, मेंढरं धष्टपुष्ट झाली आणि तिर्साची पोरं मामाकडं जाऊन येऊन सुखात वाढली.

चला, पाय आत घ्या, डोळे मिटा. झोपा आता.