कोरफडीचा पिवळा चीक

एका राज्यात इंदुलेखा नावाची राजकन्या होती. कालकेतू मांत्रिकाने तिला मागणी घातली. तिने नकार दिला. त्याने नुसती फुंकर मारली, आणि तिची कांती आटलेल्या तळ्यासारखी भेगाळली. हसली की रक्त येई.

राजवैद्य सोमदत्ताने कोरफडीचा लेप सांगितला. दासी मंजरीने तो आधी आपल्याच हाताला लावून पाहिला. हात भाजल्यासारखा लाल झाला! पण माळी भिकोबाचा पोळलेला पाय त्याच कोरफडीने बरा झाला होता. औषध म्हणावे की विष? सारा दरबार बुचकळ्यात पडला. राजाने वैद्याला कोठडीत टाकले आणि आज्ञा केली, "तिसऱ्या सांजेला राज्यातली सारी कोरफड उपटा!"

इंदुलेखा वनात गेली. पहिल्या दिवशी तिने मैनेला विचारले.

"विष," मैना म्हणाली. "पान फोडताच माझी चोच झोंबली."

दुसऱ्या दिवशी पोपट भेटला. "औषध," तो म्हणाला. "माझ्या पंखाची जखम त्यानेच भरली."

राजकन्या अधिकच गोंधळली. दोघांच्याही डोळ्यांत लबाडी नव्हती.

तिसऱ्या सकाळी टिटवी म्हणाली, "दोघेही खरे बोलले."

"मग मी काय करू?"

"पान काप. उभे ठेव. घाई करू नकोस." आणि ती उडून गेली.

इंदुलेखेने पान कापले. पिवळा चीक ओघळला. बोटाला लागला तिथे आग झाली. तिने पान उभे ठेवले, सारा चीक गळू दिला, पान धुतले, साल काढली. आत पाण्यासारखा स्वच्छ गर होता. हाही झोंबला तर? तिने तो मनगटाला लावला आणि दुपारभर बसून राहिली. काहीच झाले नाही. तेव्हा कुठे तिने तो चेहऱ्याला लावला. भेगा मिटल्या, आणि दूर डोंगरावर कालकेतूचा मनोरा ढासळला.

ती धावत आली तेव्हा माळ्यांनी कुदळी उचलल्या होत्या.

"तात, थांबवा त्यांना! झाड निर्दोष आहे. चीक काढायचा राहून गेला होता."

वैद्याला सोडले. तो मान खाली घालून म्हणाला, "सांगायला मीच चुकलो."

राजकन्या गर घेऊन मंजरीकडे गेली. मंजरीने हात मागे घेतला.

"तेच झाड, बाईसाहेब?"

"तेच. आधी चांगल्या हाताला लावू, आणि वाट पाहू."

दोघी खिडकीशी बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने मंजरी नवलाने म्हणाली, "गार वाटतंय की!" आणि तिने आपणहून भाजलेला हात पुढे केला.