ताईचा बिल्ला

फार फार वर्षांपूर्वीची, प्राणी नखं रंगवून लग्नाला जायचे तेव्हाची ही गोष्ट.

एका जंगलात एक माकडीण होती. सगळे तिला ताई म्हणत. जांभळाच्या झाडाखाली बसून ती साऱ्यांची नखं कापी, घासी, मेंदीने रंगवी. तिच्या गळ्यात लाकडी बिल्ला असे आणि त्यावर सिंहराजाच्या पंजाचा ठसा. बिल्ल्याशिवाय कुणाच्या नखाला हात लावायचा नाही, असा राजाचा नियमच होता.

एके वर्षी ताई तापाने गेली. मागे राहिला तिचा धाकटा भाऊ. दहा दिवस तो फांदीवरून खाली उतरला नाही. अकराव्या दिवशी त्याने ताईचा बिल्ला गळ्यात अडकवला, नखं कापायची तिची नराणी उचलली आणि तिच्याच जागेवर जाऊन बसला.

"या, या! ताईचं काम बंद पडलेलं नाही!"

पहिला आला ससा. माकडाने कचकन कापलं ते थेट मांसापर्यंत. ससा किंचाळला, "अरे मेल्या, नख काप म्हटलं, पाय नव्हे!"

आरडाओरडा ऐकून ताईची गुरू, म्हातारी कासवआजी, तिथे आली.

"बिल्ला काढ," ती म्हणाली.

"ताईचा आहे. म्हणजे माझाच!"

"बिल्ला ताईचा. हात कुणाचा?"

माकडाचे डोळे भरून आले. "आजी, तिची जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका हो."

"बिल्ला माझ्याकडे राहील. शंभर दिवस शीक. परीक्षेला उतरलास तर जागा तुझी. नाहीतर खार टपलेलीच आहे."

पहिला महिनाभर माकडाने नुसतं कडुनिंबाचं पाणी उकळलं आणि नराणी धुतली. मग चिंचा सोलायला मिळाल्या. टरफल निघावं, आतल्या गराला ओरखडाही नको. पहिल्या दिवशी माकडाने अभ्यासच खाऊन टाकला!

"पोट पास झालं," आजी म्हणाली. "आता हात बसव."

बघता बघता शंभरावा दिवस उजाडला. परीक्षेला आली वाघीण.

"लेकीचं लग्न आहे आज. नखं लालभडक कर. आणि लवकर!"

माकडाने पंजा हातात घेतला. एक बोट टम्म सुजलं होतं, नखाच्या कडेला पू दिसत होता. त्याने मेंदीची वाटी बाजूला ठेवली.

"मावशी, हे नखुरडं आहे. आज रंग नाही. आधी करकोचा वैद्यांकडे जा."

वाघीण गुरगुरली, "रंग नाही, तर बिल्लाही नाही!"

माकडाने जांभळाखालच्या जागेकडे एकदा डोळे भरून पाहिलं. "नसू दे. पण हे बोट मी रंगवणार नाही."

वाघीण पाय आपटत वैद्यांकडे गेली. करकोच्याने चोचीने पू काढला आणि म्हणाला, "आणखी दोन दिवस गेले असते, तर बोट गेलं असतं."

दुसऱ्या दिवशी आजीने बिल्ला पुढे केला. ताईच्या वेळच्या ठशाशेजारी राजाने नवा ठसा उमटवला होता.

"तुझ्या ताईनेही परीक्षेला आलेल्या अस्वलाला असंच परत पाठवलं होतं," आजी म्हणाली.

माकड रडता रडता हसलं. तेवढ्यात रांगेतून ससा ओरडला, "मी बोटं मोजून आलोय हं! जाताना परत मोजणार!"

तात्पर्य: बिल्ला वारशाने गळ्यात येतो, पण विद्या शिकल्यावाचून हातात येत नाही.