गेनूनं लावलेली वाट

एका गावात एक भोळा गेनू होता, आणि दोघांपुरतं शहाणपण असलेली त्याची बायको ठकी होती. राहायला गळकं खोपट. गावाबाहेर पोपटशेठनं नव्या इमारती काढल्या आणि गेनूला राखणीला ठेवलं. शेठ म्हणाले, मंजुरी मिळू दे, खालची एक खोली तुमची.

मंजुरी शहरातल्या साहेबांच्या हातात. त्यांचं म्हणणं एकच. एवढी माणसं राहायला आली आणि घरटी गाडी निघाली, तर गावचा रस्ता तुंबेल. त्यावर तोड दाखवा.

शेठनं गेनूला सांगितलं, "साहेब एसटीनं येतायत. फाट्यावर जाऊन वाट बघ."

गेनू फाट्यावर गेला आणि खाली वाकून वाट बघत बसला. साहेब उतरले, त्यांनी पत्ता विचारला. गेनू म्हणाला, "सरका जरा, वाट दिसत नाही."

साहेब आल्या पावली परत गेले.

ठकीनं समजावलं, अवो, वाट बघायची म्हणजे माणूस दिसला की हाताला धरून आणायचं. गेनूनं मनाशी गाठ मारली.

मग शेठ म्हणाले, रस्त्यानं कसल्या कसल्या गाड्या जातात ते बघ. गेनूनं दिसेल त्या गाडीवाल्याला हाताला धरून आणलं. दारात ट्रॅक्टर, उसाची गाडी, वऱ्हाडाची जीप. नवरदेव रडकुंडीला आला.

ठकी म्हणाली, जाणाऱ्याला अडवू नये, बाजूला होऊन जाऊ द्यावं.

सकाळी ओल्या सिमेंटवर म्हशी आल्या. गेनू बाजूला झाला. वर म्हणाला, "सावकाश जा, बायांनो."

ठकीनं हात टेकले. "आता माझं ऐकू नका. शेठ बोलतील तेवढंच करा."

साहेब पुन्हा येणार होते आणि आवारात फुटक्या विटा-फरश्यांचा ढीग पडलेला. शेठ म्हणाले, "उद्याच्या आत या राडारोड्याची वाट लाव. नाहीतर काम गेलं आणि खोलीही."

गेनूनं वाट लावली. तुकड्याला तुकडा जोडत, गाड्या लावायच्या जागेतून, कुंपण पाडून, थेट फाट्यावरच्या एसटीच्या थांब्यापर्यंत.

शेठ आले आणि मटकन बसले. "मेल्या, माझी वाट लावलीस!"

"नाही शेठ, राडारोड्याची लावली. तुमची सांगा, उद्या लावतो."

तेवढ्यात साहेब आले. एसटीतून उतरले ते त्याच वाटेनं, दूधवाल्या बायांच्या मागोमाग. आता कुंपणाला वळसा नव्हता. साहेब खूश. म्हणाले, दारातून चार पावलांत एसटी मिळाली तर गाडी काढतंय कोण?

मंजुरी झाली. शेठनं खोलीची किल्ली दिली. ठकीच्या हातात दिली. गेनूला ती लावायला सांगायची हिंमत कुणाची झाली नाही.