शेपटं छाटलेली दवंडी

फार जुनी गोष्ट आहे, त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथल्या प्रधानाला टापटिपीचं भारी वेड. एकदा तो राजाला म्हणाला, "महाराज, आपल्या बोलण्यात बांडगुळं किती झालीत बघा! हे 'ला', 'ने', 'हून', 'च'. एकालाही स्वतःच्या पायावर उभं राहता येत नाही. दुसऱ्या शब्दांना चिकटून जगतात. छाटून टाकू या."

राजाला पटलं. राजेलोकांना असलं काही लवकर पटतं. दरबारात आणि दवंडीत ही शेपटं चालणार नाहीत, असा हुकूम निघाला.

सगळ्यात गोंधळला तो म्हातारा दवंडीवाला. गळ्यात ढोल असेपर्यंत पदरचा एक शब्दही बोलायचा नाही, अशी तिथली रीत होती. तीस वर्षं त्याने ती पाळली होती.

एका सकाळी त्याला तातडीचं बोलावणं आलं. तलावाच्या बांधाला मोठा तडा गेला होता. बांधाखालच्या कुंभारआळीने ताबडतोब टेकडीवर जायला हवं होतं. त्याच आळीत त्याची मुलगी नांदत होती. तो धावतच निघाला.

"कुंभार आळी! तलाव! बांध! तडा! टेकडी! जा!"

लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणी जायचं? कुठून? कुठे? शेवटी एक आजोबा म्हणाले, "अरे, दरवर्षीचंच काम की! टेकडीवरची माती आणायची आणि बांध लिंपायचा. तो मान आपल्याच आळीचा."

सगळ्यांना हायसं वाटलं. कुदळी निघाल्या, घमेली निघाली. मुलगी लेकराला कडेवर घेऊन म्हणाली, "बाबा, आम्ही निघालोच बांधावर!"

म्हाताऱ्याने पुन्हा दवंडी दिली, तर लोक आणखीच भराभर चालू लागले. आता काय करावं? हुकूम मोडावा? रीत मोडावी? तेवढ्यात आईच्या खांद्यावरून लेकरू त्याच्याकडे बघून हसलं.

त्याने ढोल गळ्यातून काढला आणि जमिनीवर ठेवला.

"बांधाकडे नका रे जाऊ! बांध फुटतोय! टेकडीवर पळा, टेकडीवरच!"

आळी रिकामी झाली, आणि थोड्याच वेळात पाण्याखाली गेली. माणूस मात्र एकही दगावलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रधानाने त्याला दरबारात उभं केलं. म्हातारा म्हणाला, "हुकूम मोडला, खरं आहे. शिक्षा द्या महाराज. फक्त ती हुकुमाप्रमाणे सांगा."

प्रधानासमोर याला दहा फटके मारा, असं राजाला म्हणायचं होतं, पण तो अडखळला. "शिपाई! दवंडीवाला! प्रधान! फटका! दहा!"

शिपायाने याच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि प्रधानाची मानगूट धरली.

"अरे, मला नाही! त्याला! त्यालाच!" प्रधान किंचाळला.

राजाने कपाळाला हात लावला. हुकूम तिथल्या तिथे रद्द झाला, आणि ढोल राजाने स्वतःच्या हातांनी म्हाताऱ्याच्या गळ्यात घातला.

तात्पर्य : जे दुसऱ्याला धरून उभे असतात त्यांना फुकटे समजू नये, पुष्कळदा त्यांनीच सगळ्यांना एकत्र धरून ठेवलेलं असतं.