सशाकडचा उधार खडा

शके १९०४ चा वैशाख होता. त्या उन्हाळ्यात एका जंगलात एकच पाणवठा उरला होता. दुसरे पाणी दोन डोंगरांपलीकडे. पाणवठ्याजवळ एक हरिणी राहत असे. तिचे पाडस नुकते उभे राहू लागले होते. डोंगर ओलांडणे त्याला जमणारे नव्हते. पाणवठा टिकला तरच पाडस जगणार होते.

पाणवठ्याचा राखणदार दर वैशाखात निवडला जाई. प्रत्येक जनावराने आपल्या पसंतीच्या उमेदवारापुढे एक खडा ठेवायचा. ज्याचा ढीग मोठा, तो वर्षभर राखणदार. रानडुक्कर निवडून आले की काठ उकरी, आणि पाणी झिरपून जाई. रेडा निवडून आला की पाण्यात लोळे, आणि बाकीच्यांना चिखल प्यावा लागे. डुकराला कंटाळून जनावरे रेड्याला आणीत, रेड्याला कंटाळून डुकराला. मुलांनो, हसू नका. टिटवीही दर वर्षी उभी राही. ती रात्रभर जागे, आणि पाण्यात कोणी उतरले तर जंगल डोक्यावर घेई. राखणदार अशीच हवी, हे सगळे मान्य करीत. खडा मात्र तिच्यापुढे कोणी ठेवीत नसे.

गेल्या वर्षी हरिणी तिच्यापुढे खडा ठेवणार होती. तेवढ्यात ससा आडवा आला. "ताई, खडा फुकट घालवू नकोस. टिटवी काही येत नाही, आणि ते डुक्कर बसेल. या खेपेला रेड्याला दे. पुढच्या वर्षी माझा खडा टिटवीला. शब्द देतो." हरिणीने ऐकले. रेडा आला. वर्षभर सगळ्यांनी चिखल प्यायला.

यंदा तिने सशाला गाठले. "भाऊ, माझा एक खडा तुझ्याकडे उधार आहे."

"आहे ना! नाही कोण म्हणतो?" ससा कान पाडून म्हणाला. "पण यंदा डुक्कर फार माजले आहे ग. पुढच्या वर्षी नक्की."

"पुढच्या वर्षी पाणी असेल का?"

हरिणी सरळ सभेत गेली आणि म्हणाली, "रीत थोडी बदला. ज्याचा ढीग सर्वांत लहान, त्याने उठावे. त्याचे खडे वाया जाऊ नयेत. ज्याचा त्याने उचलून उरलेल्या दोघांपैकी एकापुढे ठेवावा."

"चालत आलेली रीत मोडायची नाही!" डुक्कर आणि रेडा एका सुरात ओरडले. त्यांचे एकमत होण्याची ही पहिलीच वेळ.

हरिणी डुकराच्या कानाशी गेली. "टिटवी तर उठणारच. रेड्याला सगळे विटले आहेत. मग तिचे खडे कोणाकडे येतील?" डुकराने मान डोलावली. मग ती रेड्याकडे गेली. "डुकराला सगळे भितात. टिटवीचे खडे कोणाकडे येतील?" रेड्यानेही मान डोलावली. रीत बदलली.

वानर मोजायला बसले. खडा फुकट जात नाही असे कळल्यावर पुष्कळ जनावरे टिटवीकडे वळली. ससा मात्र सवयीने रेड्यापुढेच खडा ठेवून आला. हरिणीने ते पाहिले.

"रेडेराव, उठा," वानर म्हणाले. "तुमचा ढीग सर्वांत लहान."

"पुन्हा मोज!"

"मोजला पुन्हा. उठा आता, इथे तरी चिखल करू नका."

रेडा उठला. त्याचे खडे ज्याचे त्याने उचलले. काही डुकराकडे गेले, काही टिटवीकडे. शेवटी दोन्ही ढीग सारखे झाले आणि एकच खडा राहिला. तो सशाच्या तोंडात होता.

डुकराने सशाकडे पाहून सुळे दाखवले. हरिणीच्या पोटाखाली पाडस उभे होते, जीभ बाहेर काढून. ससा थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिला. मग तो चालत गेला आणि त्याने खडा टिटवीपुढे ठेवला.

सशाकडचे हरिणीचे देणे फिटले.

तात्पर्य : दोन वाइटांतून एकाला निवडायला लावणारी रीत असेल, तर नुसता राखणदार बदलून भागत नाही, रीतच बदलावी लागते.