घडी न मोडलेली दुलई

रानात घरपोच माल मिळू लागला, तेव्हाची गोष्ट. एक खार सावरीच्या कापसाच्या दुलया शिवायची आणि पारवा त्या पोचवायचा. नापसंत माल परत घ्यायचा, असा रानाचा नियम होता.

मुंगूसराव थंडीभर दुलईत घोरले आणि शिमगा होताच त्यांनी ती परत धाडली. "पसंत नाही. घडीसुद्धा मोडलेली नाही," असा वर निरोप!

दुलईभर मुंगसाचे केस होते. खारीने मुकाट्याने ती ठेवून घेतली.

पुढच्या थंडीत मुंगूसरावांनी पुन्हा दुलई मागवली. खारीने तीच पाठवली. मुंगूसराव तणतणत आले, "खारबाई, ही वापरलेली आहे!"

"अगंबाई! ही तर फक्त तुमच्याकडेच गेली होती. मग वापरली कुणी हो?"

मुंगूसरावांनी दुलई काखोटीला मारली आणि गुपचूप बिळाची वाट धरली.